पोशीरच्या जात्यावरचा बेडूक

पोशीरचा हिरामण एका बेडकाचा भक्त होता. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सगळं गाव हसून मोकळं झालंय, तुमचंच तेवढं राहिलंय. बरं, बेडूक तरी खरा? तोही नव्हे. कागदावर काळ्या शाईनं काढलेला, आणि तंबूतल्या पडद्यावर उड्या मारणारा.

दुसरी मोठी लढाई नुकती कुठं सुरू झाली होती, त्या सालची गोष्ट. नेरळला तंबूतला सिनेमा आला आणि हिरामण बायकोला, सुंदराला, घेऊन देवाचा खेळ बघायला गेला. लोक येऊन बसेपर्यंत पडदा रिकामा नको, म्हणून तंबूवाल्यानं आधी एक बारकीशी चित्रांची फिल्म लावली. भाताचं खाचर, बांधावर बेडूक, त्याच्या डोक्याला मुंडावळ्या. नवरदेव लग्नाला निघालाय, पण मुंडावळ्या काही केल्या जागेवर राहत नाहीत. एक उडी मारली की डोळ्यांवर येतात, दुसरी मारली की तोंडात जातात. असा रडतखडत तो बांधाच्या टोकाला पोचतो. तिथं त्याचा तोल जातो, आणि पडायच्या आधी क्षणभर तो थांबून आपल्याकडं बघतो. 'बघताय ना माझी दशा?' असं. मग धप्पदिशी चिखलात. खेळ खलास.

अख्खा तंबू पोट धरून हसला, आणि देव पडद्यावर आल्यावर बेडकाला विसरूनही गेला. हिरामणनं देवाला हात जोडले खरे, पण डोळ्यांपुढं बेडूकच. घरी परतताना त्याची टकळी सुरू झाली.

"तू बगितलंस काय गं? उडी मारायच्या आदी तो खाली बसतो. अंग चोरतो. तवा आपलंबी पोट आत जातं बग."

"बेडूकच तो, बसंल नायतर काय करंल?" सुंदरा म्हणाली. "तुमी पाय उचला आता. भाकऱ्या कोण भाजणार, तो नवरदेव?"

झालं, त्या दिवसापासून गड्याला पिसं लागलं. तंबू कर्जतला गेला की हा कर्जतला. खालापूरला गेला की डोंगराला वळसा घालून हा खालापूरला. देवाचा खेळ सुरू झाला की हा उठून बाहेर. तंबूवाला चक्रावला. तिकीट काढून मुख्य खेळाला पाठ फिरवणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. हिरामणला अक्षर ओळखता येत नव्हतं, म्हणून बेडकाच्या आधी पडद्यावर काय लिहून येतं ते त्यानं तंबूवाल्याकडून वाचून घेतलं. चित्रं काढणाऱ्याचं नाव होतं मोरू पेंटर.

तेवढं नाव हिरामणला पुरलं. पावसाळ्यात तो घरची भातशेती करायचा आणि हंगामात माथेरानला हातरिक्षा ओढायचा. रिक्षा ओढताना बाकीचे गडी घरच्या कटकटी सांगत, आणि हा मोरू पेंटरच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या जोडीला मागून रिक्षा ढकलणारा लडकू ऐकून ऐकून कावला होता.

"अरे लडकू, एका उडीला किती कागद लागलं असतील रं? तंबूवाला सांगत व्हता, दर कागदावं बेडूक चिमटीएवढाच हलतो. तेवढा हलवायला तो बिचारा परत सगळा बेडूक काढतो. लावणीसारखंच हाय बग. एक एक काडी लावत बसायची. मंग कवा तरी सगळं खाचर हिरवं दिसतं."

"तुजा बेडूक घाल चुलीत आणि वढ नीट," लडकू म्हणायचा. "चढ हाय म्होरं."

लढाई लांबली तसा तंबूतून बेडूक गायब झाला. तंबूवाला म्हणाला, जुना माल येत नाही आता. हिरामणनं चौकशी करकरून त्याचं डोकं खाल्लं, पण बेडूक आला नाही तो नाहीच.

लढाई संपली. पुढच्या हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर, हिरामण पुन्हा माथेरानला चढला. एके सकाळी हॉटेलातून एक पाहुणा रिक्षात येऊन बसला. वाळकुडा माणूस, गळ्याला मफलर, दर चार शब्दांमागं खोकला. हवापालटाला आलेला दिसत होता. हॉटेलचा मॅनेजर पायरीवरून म्हणाला, "मोरू पेंटर ना आपण? जेवायच्या वेळेपर्यंत या परत."

हिरामणनं उचललेली रिक्षा खाली टेकवली.

"बेडूकवाले?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

पाहुणा दचकला. त्याला या नावानं कुणी हाक मारून बरीच वर्षं झाली असावीत. "होतो एके काळी," तो म्हणाला.

मग काय विचारता! हिरामण रस्ताभर मान मागं वळवून बोलत राहिला. मुंडावळ्या झाल्या, अंग चोरणं झालं, आपल्याकडं बघणं झालं. रिक्षा दोनदा रस्ता सोडून झाडीत शिरली. लडकूनं मागून शिव्या घातल्या. शेवटी पेंटरनं हात वर करून त्याला थांबवलं.

"बाबा रे, तो बेडूक आता राहिला नाही," तो म्हणाला. "लढाईत कोरी फिल्म मिळेना. कंपनी बुडाली. मालकानं जुन्या फिल्मा वजनावर विकल्या. विकत घेणारे त्यातली चांदी धुऊन काढतात आणि उरलेल्या कचकड्याच्या बांगड्या करतात. माझी सगळी चित्रं कुणाकुणाच्या मनगटात गेली. एक तुकडा शिल्लक नाही."

"मंग दुसरी काढा की, सायेब."

पेंटरनं उजवा हात पुढं धरला. हात थरथरत होता. "आणि काढायची तरी कुणासाठी? ज्याचा मागमूस राहत नाही, त्यात जन्म घातला मी. तुला आठवतंय तोवर आठवतंय. पुढं काय?"

त्या दिवशी हिरामणला घास गेला नाही. एवढा मोठा माणूस आपला जन्म फुकट गेला असं समजून डोंगर उतरणार, आणि आपण नुसते त्याची रिक्षा ओढणार? त्याच्या जिवाला ते लागून राहिलं. पेंटर मुंबईला परत जायच्या आत त्याला त्याचा बेडूक हलताना दाखवायचाच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. कसा दाखवायचा, हे मात्र देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून तो वेड पांघरून विचारू लागला. सायेब, चित्र हलतं कसं? सिनेमाचं यंत्र नसलं तर हलंल का? पेंटरला बोलायची सवय मोडली होती, पण या विषयावर त्याची जीभ सैल सुटली. लहानपणी त्यानं पत्र्याच्या डब्याचा खेळ केला होता. गोल डबा, त्याला बाजूनं उभ्या फटी, आत गोल फिरवून लावलेली चित्रांची पट्टी. डबा गरगर फिरवायचा आणि फटीतून समोरचं चित्र बघायचं. "हलतं," पेंटर म्हणाला. "अगदी जिवंत होतं." तेवढ्यापुरते त्याचे डोळेही जिवंत झालेले हिरामणनं पाहिले.

रिक्षा लडकूच्या गळ्यात घालून हिरामण घरी पळाला. डबा कुठला आणायचा? त्यानं टोपली घेतली, तिचं बूड काढलं, शेणानं लिंपून वाळवली आणि कोयत्याच्या टोकानं उभ्या फटी पाडल्या. आणि गरगर फिरणारी वस्तू घरात एकच होती. सुंदराचं जातं.

"माज्या जात्याला हात लावाल तर बगा!" सुंदरा कडाडली.

"अगं, नुसती वर ठेवायची. खुंट्याच्या आतल्या अंगाला बसती बग बराबर."

"रिकामं जातं फिरवत नायत. माहीत हाय ना?"

"मंग दळण टाक. टोपलीला बूड कुटं हाय? वरनं मूठ सोड, दळ खुशाल."

सुंदरा हसली, आणि ती हसली की काम झालं. हॉटेलातून आणलेल्या खाकी कागदाची पट्टी करून हिरामण कोळशानं बेडूक काढायला बसला. पहिला बेडूक वांग्यासारखा झाला. दुसरा सडक्या वांग्यासारखा. "सरका तिकडं," म्हणून सुंदरानं सगळ्यांना मुंडावळ्या काढून दिल्या, तेव्हा कुठं ती वांगी लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागली. बांधाचं टोक, ते थांबून बघणं, पडणं आणि चिखल, एवढाच शेवट त्यानं काढला. जास्त जमणारंही नव्हतं. खळ लावून पट्टी टोपलीच्या आतून चिकटवली.

"फिरवून बगू का जरा?" सुंदरानं विचारलं.

"हात नको लावू! निवेद दाखवायच्या आदी कोन चाखतं का? त्यांनी बगितल्यावं आपण."

शहाणा माणूस. इथंच घोळ झाला.

पेंटर छोट्या गाडीनं नेरळला उतरला, तेव्हा हिरामण बैलगाडी जुंपून उभा. "सायेब, तुमची मुंबईची गाडी दुपारची हाय. घटकाभर पोशीरला चला. नाय म्हनू नका." पेंटर नाहीच म्हणत होता. पण हिरामणनं त्याची वळकटी आधीच गाडीत टाकली होती.

ओटीवर जातं मांडलेलं. बाजूला सुपात तांदूळ. पेंटरला घोंगडी टाकून जात्यासमोर बसवलं, आणि डोळा फटीच्या उंचीला यावा म्हणून वाकायला सांगितलं. ती सारवलेली टोपली पाहून काय आहे ते त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं असणार. सुंदरानं पदर खोचला, वरून मूठ सोडली आणि खुंटा धरला. घरघर सुरू झाली. पांढरं पीठ झरू लागलं. फटींची रांग धूसर झाली आणि आत चित्र हललं.

हिरामण पेंटरच्या खांद्याशी वाकून बघत होता. बघता बघता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बेडूक बांधावरून चिखलात पडतच नव्हता. तो चिखलातून निघत होता! आधी नुसता चिखल, मग त्यातून मुंडावळ्या, मग डोकं, मग सगळा बेडूक वर उडून बांधावर उभा. आणि उभा राहून तुमच्या आमच्याकडं बघतोय. पुन्हा चिखल, पुन्हा वर.

काय झालं होतं, सांगतो. जन्मभर माणूस लावणी करत आला. लावणीत रोप पुढं लावायचं आणि आपण मागं सरकायचं. हिरामणनं बेडूकही तसेच लावले होते, एक काढला की मागं, दुसरा काढला की आणखी मागं. सगळी रांगच उलटी पडली होती.

"अगं उलटं फिरव! उलटं फिरव!" तो ओरडला.

"जातं उलटं फिरवत नायत!" सुंदराही ओरडली. "घराला बरं नसतं ते!"

"सायेब, चुकलं," हिरामणचा आवाज रडवेला झाला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. "तुमच्या बेडकाची पार वाट लावली मी. तुमी पाडला होता, आन् ह्यो..."

पेंटर फटीवरून डोळा काढेना. त्याचे खांदे हलत होते. खोकतोय की हसतोय, कळेना. मग त्यानं मान वर केली. तो हसत होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"मी त्याला नुसतं पाडलं रे," तो म्हणाला. "उठवायचं मला सुचलंच नाही कधी."

सुंदराचा हात फिरतच होता. त्या हातात जत्रेत घेतलेल्या कचकड्याच्या बांगड्या होत्या. पेंटरची नजर तिथं गेली. हिरामणनं घरी सगळं सांगितलेलं असल्यानं सुंदराला ती नजर कळली. तिनं खुंटा सोडला नाही.

"कुनाच्या हातात तुमचा बेडूक हाय, कुनाला ठावं, बाबा," ती म्हणाली. "माज्याच हातात असंल तर मीच फिरवते त्याला."

तेवढ्यात जात्याचा आवाज बदलला. आतला दाणा सरला होता. रिकामं जातं फिरवायचं नाही, म्हणून सुंदरानं हात थांबवला. टोपली थांबली आणि बेडूक अर्धा चिखलात, अर्धा वर, तसाच राहिला.

दुपारच्या गाडीची वेळ होत आली होती. बाहेर बैल जुंपलेले होते. हिरामण वळकटी उचलायला उठला.

मोरू पेंटरनं थरथरता हात सुपात घातला, मूठभर तांदूळ उचलले आणि टोपलीच्या वरून जात्याच्या तोंडात सोडले. निम्मे बाहेर सांडले.

"फिरव, बाई," तो म्हणाला. "आणि हिरामण, कोळसा कुठं आहे रे तुझा?"