चहा नंतर, आधी नाव

अविनाशकाका गेल्याची बातमी टॅला या आमच्या आयरिश उपनगरातल्या मराठी ग्रुपवर आली आणि हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागली. खाली कुणीतरी लिहिलं, “आपला माणूस गेला.” काही आठवडे उलटले, तरी ते वाक्य मला पचलेलं नाही. आपला? मतदानाच्या दिवशी कुठे होता हा आपलेपणा?

नागपुरात वकिली केलेल्या काकांनी पन्नाशीला टेकताना इथल्या परीक्षा नव्याने दिल्या, भाडेकरूंचे खटले लढले आणि नगरसेवक झाले. त्यांना निवडून दिलं ते गल्लीतल्या आयरिश म्हाताऱ्यांनी. आपण गणपतीत शाल दिली. पुढच्या निवडणुकीत जागा धोक्यात आली, तेव्हा पत्रकं मी लिहिली आणि आम्ही दोघं दारोदार फिरलो. मराठी घर आलं की काका उंबऱ्याबाहेरच थांबत. आत बसलं की पोहे येतात, गप्पा रंगतात आणि मताचं राहून जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक दार विसरत नाही... तिथल्या मराठी डॉक्टरला घरमालक बायकामुलांसकट बाहेर काढत होता, तेव्हा काकांनीच ती नोटीस रद्द करून घेतली होती.

“काका, आत या, चहा टाकतो.”

“चहा नंतर. आधी मतदारयादीत नाव घाल.”

“आपल्याकडे कुठे इथला पासपोर्ट? आपण पाहुणे.”

“भाडं भरतो, टॅक्स भरतो अन् पाहुणा म्हणे! अबे, काउन्सिलच्या मताला पासपोर्ट लागत नाही.”

“ग्रँड, चालेल काका. वीकेंडला नक्की.”

तो वीकेंड उगवलाच नाही. काका थोडक्या मतांनी पडले. घर सोडायच्या नोटिसा घेऊन लोक त्यांच्याकडे येतच राहिले. काउन्सिलमध्ये त्यांच्यासाठी भांडणारं मात्र कुणी उरलं नाही.

शोकसभेत तोच डॉक्टर माईकवर म्हणाला, “काकांनी आपल्याला इथे आवाज दिला.” मी उठून विचारलं, “आणि तुम्ही त्यांना काय दिलंत?” मागून कुणीतरी पुटपुटलं, “ही वेळ नाही गं.” पहिल्या रांगेतून काकू वळल्या. “वेळ तर तेव्हाही नव्हती तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या.

गेल्या रविवारी मी त्याच डॉक्टरची बेल वाजवली. त्याने मान खाली घातली. “ये ना आत... चहा टाकतो.”

“चहा नंतर.”

तो मोबाइल आणायला आत गेला. काका उभे राहायचे त्याच पायपुसण्यावर मी उभी राहिले. नाव नोंदवून होईपर्यंत आत पाऊल टाकलं नाही.