पाचर मारली, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून गप्प झालो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघतो.

इक्बालभाईंची आठवण येते. तिथूनच सुरू करतो. सकाळी साइटवर पोचलो की अजूनही कान त्यांच्या आवाजाकडे लागतात — लांबवून बोलायची सवय, आणि बोलता बोलता थर्मासमधला लिंबू पिळलेला काळा चहा ओतणं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. मस्कतला भिंती कापायचं काम करून ते गावी परतले, ते करवत घेऊनच. विजेवर चालणारी, साखळीची. झाडं कापायची असते तशीच दिसते, पण हिची साखळी सिमेंटचे ब्लॉक कापते. किहीमच्या बाजूला तेव्हा बंगल्यांची कामं जोरात होती. भिंत उभी राहिली की मालकाला वाटायचं, इथे खिडकी असती तर समुद्र दिसला असता. मग आम्हाला बोलावणं यायचं. भाई आणि मी, दोघंच.

सहा वर्षं एकत्र काम केलं. ईदला सकाळीच मी त्यांच्याकडे; चौदा एप्रिलच्या जयंतीला ते आमच्या वाडीत, पहिल्या पंगतीला. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या हातची सांदणं मी डबाभर घरी आणायचो. सख्खा मोठा भाऊ मला नाही. असता तर वेगळा काय असता?

करवतीच्या बाबतीत मात्र भाई फार कडक. दोन्ही हातांनी धरायची, खांद्याच्या वर न्यायची नाही. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. पात्याच्या टोकाने कधी कापायचं नाही. पाणी सुरू झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि पाणी-वीज एकत्र आली म्हणून बोर्डावरचा ट्रिप स्विच रोज तपासायचा. बटण बांधून ठेवायचं नाही — हात सुटला की साखळी थांबलीच पाहिजे. आणि पाचर. खिडकीचा खालचा काप आधी घ्यायचा आणि त्या फटीत लाकडी पाचरी ठोकायच्या, म्हणजे वरचा आणि बाजूचे काप होताना सुटत आलेला तुकडा जागचा हलत नाही. हलला तर साखळी चिमटते, आणि करवत माणसावर उलटते.

भाई बाहेरून कापायचे, मी आतून पाचरी ठोकायचो. शेवटच्या कापाआधी ते थांबायचे, कानावरचं झाकण एका बाजूने उचलायचे आणि पाचरीचं विचारायचे. रोज विचारायचे. सहा वर्षांनंतरही, जणू मी काल कामाला लागलो होतो. मला त्याचा कंटाळा यायला लागला होता. कंटाळा कसला — राग. मालकाचा मॅनेजर समोर उभा असला की जास्तच.

त्या दिवशीही मॅनेजर उभा होता. किहीमलाच, नारळाच्या बागेतला बंगला. अकराचा सुमार. खालचा काप झाला, आणि माझ्या लक्षात आलं की पाचरी टेंपोतच राहिल्यात. टेंपो फाटकापाशी. किती लांब? फार तर चाळीस पावलं. ऊन होतं — पण ऊन काय रोजच असतं. मी गेलो नाही. तुकडा लहान आहे, काही होत नाही, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर एवढंही म्हटलं नाही. नुसता भिंतीला टेकून उभा राहिलो.

वरचा काप झाला. डावीकडचा झाला. मग पलीकडून आवाज आला.

"पाचर मारलीस ना, सुधीर?"

"मारली, भाई."

दोन शब्द. चिडून म्हणालो होतो, तेही आठवतं.

त्यांनी वाकून पाहिलं नाही. का पाहतील? मी सांगितलं होतं. शेवटचा काप अर्ध्यावर आला तसा तुकडा खाली बसला, साखळी चिमटली, करवतीचा सूर एकदम बदलला. करवत उसळली, भाई मागे पडले, आणि अर्धवट सुटलेला तुकडा मोडून बाहेर, त्यांच्या उजव्या हातावर आला. बटण सुटल्यामुळे साखळी तिथल्या तिथे थांबली. नाहीतर काय झालं असतं, ते मला माहीत आहे.

मॅनेजर आणि लादीवाल्याने त्यांना गाडीत घातलं आणि अलिबागला नेलं. मी सामान आवरून येतो म्हणालो.

आता खरं सांगायचं ते इथे आहे. चूक झाली — चूक कुणाकडूनही होते, असं तुम्ही म्हणाल. पण मी टेंपोपर्यंत गेलो. आधी जी चाळीस पावलं जड झाली होती, ती आता पळत गेलो. तीन पाचरी आणल्या. पाण्यात कालवलेल्या सिमेंटच्या चिखलात त्या लोळवल्या, बुटाने दाबल्या, आणि पडलेल्या तुकड्याच्या आसपास टाकून दिल्या. त्यानंतर करवत पुसली, पाइप गुंडाळला, आणि दवाखान्यात गेलो.

हात वाचला, पण तीन बोटं मिटेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी भाई नीट बोलायला लागले, तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं — पाचर सरकली होती का? मी सांगितलं, पाचरी जागेवर होत्या, करवतच जरा तिरकी गेली. ते बराच वेळ पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिले. एवढी वर्षं त्यांनी त्या हातावर भरवसा ठेवला होता. तो मी काढून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि करवत माझ्या ताब्यात दिली. माझ्या हातावर आता माझाच इतबार राहिला नाही, तू वापर, म्हणाले. मी घेतली. वर्षभरात ते आणि भाभी मुंब्र्याला मुलीकडे राहायला गेले. भाभी निघताना सांदणांचा डबा देऊन गेल्या. मला ती गिळवली नाहीत. बायकोने पोरांना वाढली.

आज या किनाऱ्यावर माझं नाव आहे. सावध माणूस, म्हणतात. नवे कारागीर माझ्याकडे शिकायला पाठवतात, आणि मी भाईंचंच सगळं त्यांना शिकवतो, त्यांच्याच शब्दांत. कुणी विचारतं, एवढा जाणता माणूस, मग त्याचा हात कसा गेला? मी सांगतो — चुकला एकदा. असं मी किती जणांना सांगितलंय? मोजलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मांडव्याच्या जेट्टीवर ते भेटले. नातलगाच्या लग्नाला आले होते, परत बोटीने निघाले होते. दाढी पांढरी झालेली. मला बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं, आता सांगावं. शेजारी बसलो. त्यांच्या कपड्यांना तोच अत्तराचा वास. मला सहा वर्षं परत हवी होती — तेवढीच, आणखी काही नको. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच बोलायला लागले.

"एक गोष्ट मनात राहिलीये रे. त्या दिवशी भिंतीपलीकडे तू होतास. माझ्या हातनं तुझ्या जिवाचं काही झालं असतं तर? रोज नमाजनंतर तेच येतं मनात. मला माफ कर, सुधीर."

बोटीचा भोंगा वाजला. लोक उठून रांगेत उभे राहायला लागले. भाई तसेच बसून होते, माझ्याकडे बघत.

मी त्यांचा हात हातात घेतला, आणि म्हणालो, "केलं माफ, भाई."