मागच्या बाजूच्या पाचरी

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या शालनशी वाद घालायचा तर आधी पोटभर न्याहारी करून जावं, असं तिच्या वर्कशॉपातली माणसंच म्हणायची. खोटं नव्हतं ते. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तिनं उसाच्या कडेला पत्र्याची शेड उभी केली आणि स्वतः वेल्डिंगला बसली, तेव्हा गाव हसलं होतं. म्हणे, बाई खिडक्यांच्या जाळ्या करणार! बाईनं केल्या की. मग आयटीवाले आले, मुंढव्यापासून खराडीपर्यंत काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, तशी बाई परांच्यांचे पाइपही करून द्यायला लागली. हसणारे आता तिच्याकडूनच गेट करून घ्यायचे आणि वर घासाघीसही करायचे.

तिचा धाकटा भाऊ दशरथ अशाच एका इमारतीवर परांची बांधणाऱ्या टोळीत होता. परांची म्हणजे काय? उभे पाइप, आडवे पाइप आणि दोघांची गाठ पडते तिथं ठोकलेली लोखंडी पाचर. पाचर काढली की आडवा पाइप खाचेत नुसता टेकून राहतो; वजन पडलं की तो निसटला, आणि त्यावर उभा असलेला माणूसही गेला. इतकं साधं गणित आहे ते.

खंडेनवमीला टोळीनं हत्यारांची पूजा मांडली. हातोडे, पाने, ओळंबे धुऊन ठेवले, मंडईतून आणलेला झेंडू वाहिला. दशरथ म्हणाला, "ज्या पाचरीवर आपला जीव, तिला कुंकू नको व्हय?" आणि वरच्या मजल्यावरच्या पाचरी काढून त्यानं पूजेत मांडल्या. दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी दशरथला वाटलं, मुकादम सोनबानं पाचरी ठोकल्या असतील. सोनबाला वाटलं, ज्यानं काढल्या त्यानंच ठोकल्या असतील. दशरथ वर चढला आणि आडव्या पाइपासकट खाली आला. वाळूच्या ढिगावर पडला म्हणून वाचला, पण मांडीचं हाड मोडलं.

ठेकेदार पृथ्वीराज दवाखान्यात आला. तोही मांजरीचाच, मोठ्या बागायतदाराच्या घरातला, जमिनी विकल्यावर बांधकामात उतरलेला. शहाळं टेकवून म्हणाला, "वाईट वाटतं हो ताई, पण चूक त्याचीच. जगात कोण पाचर काढून तिला हळदकुंकू वाहतं?"

"चूक त्याचीच," शालन म्हणाली. "कधी चुकत नाही असा माणूस घावला तर आणा माझ्याकडं, त्याचीच पूजा घालते. पाचर सुटी निघती, ही खोड हाय. ती मोडायची."

आणि ती कामाला लागली. पाचर पाइपाच्या टोकालाच अडकलेली हवी. सैल व्हावी, पण हातात निघून येऊ नये. तिनं पाचरीच्या खालच्या टोकाला रिव्हेट मारला, म्हणजे ती खाचेतून पुरती बाहेर येईना. वर उचलली की जोड सुटे, सोडली की पाचर आपल्या वजनानं खाली बसे, आणि वरून हातोड्याचा घाव घातला की घट्ट. शालन स्वतःवरच खूष झाली. आठवडाभर कुणालाही शिव्या दिल्या नाहीत.

पण सोनबानं तो नमुना साइटवर वापरला आणि परत आणून तिच्या पुढ्यात आपटला. "ताई, ही तर जुनीपेक्षा वंगाळ! सिमेंटचं पाणी खाचेत वाळलं, पाचर अर्ध्यातच अडकली. खालनं बघावं तर बसल्यावानी दिसती. आमाला मारता का काय?"

शालन तडकली नाही, हेच नवल. तिनं पाचर उचलून खाचेवरून बोट फिरवलं. दशरथच्या जागी दुसरा कुणी पडला असता, तोही आपल्या हातच्या पाचरीवरून! तिनं खाच खालून मोकळी केली, म्हणजे पाणी निथळून जाईल. आणि पाचरीच्या वरच्या भागाला लाल पट्टा दिला. पाचर पुरती बसली की लाल रंग खाचेत गडप व्हायचा. लाल दिसलं तर चढायचं नाही. वाचता येवो न येवो, एवढं कुणालाही कळावं.

पृथ्वीराजनं पाचरी घ्यायचं कबूल केलं ते काही प्रेमापोटी नाही. इमारत भाड्यानं घेणाऱ्या कंपनीचे अमेरिकेचे साहेब साइट बघायला येणार होते. पहिला माल एकाच बाजूला पुरेल इतका होता. शालननं तो सोनबाच्या टोळीकडून मागच्या बाजूला लावून घेतला, कारण तिथं गिलावा चालू होता. पाय बरा झालेला दशरथही तिथंच वर होता. खालचं दुसरं काम त्यानं ऐकूनच घेतलं नव्हतं. "आक्का, मला खाली करमत न्हाई," एवढंच म्हणाला होता.

साहेब यायच्या सकाळी पृथ्वीराज इस्त्रीच्या शर्टात आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. "मागं कशाला लावल्या? पाव्हणे पुढून बघणार! काढा सगळ्या, दर्शनी बाजूला लावा. मागं जुन्या ठोका."

"पुढं काम हाय का कुणाचं?"

"काम नाही, पण लूक नको का? फक्त आजच्या दिवस, ताई."

"पडायलाही एकच दिवस लागतो." शालननं मागून काढलेल्या पाचरींच्या पोत्यातली एक जुनी पाचर काढून त्याच्या हातावर ठेवली. "ही ठोका आणि चढा तुम्ही. वर जाऊन दशरथशी दोन शब्द बोला, खाली या. मग मी माझ्या हातानं बदलते."

पृथ्वीराजनं वर पाहिलं. दशरथ फळीवर उभा राहून खालीच बघत होता. सोनबाचा हातोडा थांबला होता. पृथ्वीराजनं पाचर पोत्यात टाकली, "बघून घेतो," म्हणाला आणि पाव्हण्यांना आणायला गेटकडे गेला.

शालनला माणूस ठाऊक होता. आज नाही तर पाव्हणे पुन्हा येतील तेव्हा, तिची पाठ वळली की हा दुसरी टोळी लावून अदलाबदल करणारच. पाव्हणे पुढच्या बाजूला फोटो काढून घेत होते, तेवढ्यात तिनं सोनबाला हाक मारली आणि जुन्या पाचरींची होती नव्हती तेवढी पोती टेम्पोत चढवली.

दुपारी वर्कशॉपात फोन वाजला. "आमच्या पाचरी कुठायत? चोरी आहे ही! पोलिसात तक्रार देईन!"

शालननं फोन खांद्याशी धरला आणि गॅस कटर पेटवला.

"द्या की! बिनधास्त द्या," ती म्हणाली. "काय चोरलं ते नीट लिहा. आणि ते कुणाच्या पायाखाली ठोकणार होता, तेही लिहा."

तिनं फोन ठेवला आणि पहिल्या पाचरीचे दोन तुकडे केले.