खाटेशी बोलणारी सासू

माझ्या सासूइतकी कमी बोलणारी आणि माझ्या सासूइतकी जास्त बोलणारी बाई साऱ्या वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. कमी बोलणं माझ्या वाट्याला, जास्त बोलणं उरलेल्या जगाच्या. जावयासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि त्याच्याशी थेट एक शब्द बोलायचा नाही, ही तेल्हाऱ्याच्या त्यांच्या घरची रीत. मी ओसरीवर बसलेलो असलो, की ती खांबाला सांगायची, "पानी तापलं म्हणा." खांब गप्प राहायचा, मी आंघोळीला उठायचो.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि त्यापायी आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याची कळा आली होती. दर्यापूरहून मी गाडी भरून अमरावतीच्या बाजारात आलो, तर रस्त्यात गाडीला गाडी भिडलेली. त्या गर्दीत बैल बुजले, मी खाली पडलो आणि भरल्या गाडीचं चाक माझ्या पायावरून गेलं. लोकांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. आई माझी लहानपणीच गेलेली. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नुकतीच मोकळी झालेली. उशाशी बसायला माणूस कोण, असा प्रश्न होता. ओल्या बाळंतिणीला आपल्या जावेच्या हवाली करून सासूच निघाली.

निघाली ती अख्खं घर घेऊन. बैलगाडीत जातं, जात्याशेजारी ज्वारीचं पोतं, त्यावर घरच्या कापसाची गाठोडी, आणि गाडीमागं बांधलेली दुभती शेळी. दवाखान्याच्या शिपायानं दारातच हटकलं, तर माझ्या खाटेपर्यंत आवाज आला, "शेळी का आत झोपाले येऊन राहिली? थे लिंबाखाली राहीन. जवाई आत, शेळी बाहेर. उलटं नाही करत मी!" शिपाई बाजूला झाला. त्या दिवसापासून तो शेळीला पालाही टाकू लागला.

आल्या आल्या तिनं खोलीभर नजर फिरवली. ओळीनं खाटा, आणि एकाही खाटेवर धड उशी नाही. बाहेर कापसाच्या बोंडाबोंडासाठी व्यापारी हातघाईवर आले होते आणि हिनं घरचा पांढराशुभ्र कापूस गाठोडी सोडून मधोमध ओतला. शेजारच्या खाटेवर एक पिंजारी चाचा होते, हिवतापानं पार वाळलेले. त्यांना ती म्हणाली, "चाचा, कण्हतच राहान का हात चालवान?" चाचा उठून बसले, बोटांनी कापूस मोकळा करू लागले. ती जुन्या लुगड्याच्या खोळी शिवत गेली. चार दिवसांत साऱ्या खोलीला उशा झाल्या आणि चाचांच्या तोंडाला चवही आली. माझ्या पायाखाली तिनं सगळ्यात मऊ उशी सरकवली आणि खाटेला बजावलं, "हालू नको वो बाई."

गोऱ्या डॉक्टरसाहेबाशी तिचं चांगलं जमलं. जखम उकळलेल्या पाण्यानं धुवायची, पट्टी रोज बदलायची, हात स्वच्छ ठेवायचे, हे त्यानं मोडक्या हिंदुस्थानीत शिकवलं आणि तिनं ते देवपूजेसारखं उचललं. पट्टी सोडताना मी ओरडायचो. ती मात्र खाटेचीच समजूत घालायची, "झालं वो माय, झालं. भल्ली गुणाची खाट हाय ही." तिचे हात शेतात राबणाऱ्या बाईचे, खरखरीत, पण जखमेवर ते असे फिरायचे, जसं मोराचं पीस फिरावं. तिथून उठली की दुसऱ्या खाटांवर तोफ सुटायची. कोणी औषध थुंकलं, की "कावून रे, बापाची शेती हाय का शिंपाले?" म्हणून झाडायची आणि झाडता झाडता त्याचं तोंडही पुसायची.

पण माझा पाय चिघळला. ताप चढला. साहेबानं पाहिलं, मान हलवली आणि सांगितलं, की आणखी पाहू; ताप नाही उतरला तर पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागेल, आणि त्यासाठी अंगात ताकद हवी, याला खायला घाला. मी भिंतीकडं तोंड केलं. लंगड्यानं नांगर कसा धरायचा? दात घट्ट मिटले ते मिटलेच.

दुपारी ती शेळीच्या दुधातली पेज घेऊन बसली. खाटेला सांगून पाहिलं, भिंतीला सांगून पाहिलं, पट्टीचीही आर्जवं केली. मी ढिम्म. चाचा म्हणाले, "खा ले बेटा." मी ढिम्मच.

मग तिनं वाटी खाली ठेवली आणि पदर मागं सारला. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासूचा चेहरा पाहिला. डोळे थेट माझ्या बायकोचे, फक्त पाण्यानं भरलेले.

"जवाईबुवा, माह्याकडं पाहा," ती म्हणाली. "पाय राहिला तं दोन पायानं घरी जाऊ. नाही राहिला तं एका पायानं जाऊ. पन जाऊ! पोरीचं तोंड तुमी पाह्यलं नाही अजून. मी पाह्यलं. नाक तुमचंच हाय. आता त्याले काई इलाज नाही, पन बाकी पोरगी देखणी हाय."

मला हसू फुटलं. हसायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पेजेचा चमचा आत गेला.

ताप हळूहळू उतरला. पाय किंचित वाकडा राहिला, पण राहिला. निघायच्या दिवशी साहेबानं टोपी काढून विचारलं, "बाई, इधर नौकरी करेगा?" ती लाजली. "घरी बाळंतीन हाय," म्हणाली आणि शेळीचं दावं शिपायाच्या हातात दिलं. दूध खोलीतल्या सगळ्यांना. गाडीत बसताना पदर पुन्हा नाकापर्यंत आला आणि तिनं बैलांना सांगितलं, की जवायानं पाय लांब करून बसावं.

पुढं बडनेऱ्याला आगगाडी आली. तिला एकदा त्या गाडीनं अकोल्याला न्यायचं माझ्या मनात फार होतं. पण त्याआधीच एका हिवाळ्यात ती गेली. कोणाला सेवा करायची संधी न देता, बसल्या जागी. आता मी एकटाच जातो. डब्यात समोर एखादा माणूस सुकल्या तोंडानं खिडकीबाहेर बघत बसलेला दिसतो. ती असती तर मूर्तिजापूर यायच्या आत त्याच्या घरातलं सगळं दुखणं-खुपणं काढून घेतलं असतं. मला राहवत नाही. भाकरीचं फडकं सोडतो आणि विचारतो,

"काय बाप्पा, जेवला का?"