उकंडरावांनी सांगितलेलं वजन

उकंडराव भेटले की आधी जयभीम नाही, रामराम नाही. समोरच्याच्या कमरेला दोन्ही हातांचा विळखा घालायचे, वीतभर उचलायचे, क्षणभर तसंच धरायचे आणि खाली ठेवून सांगायचे, "साठ. मांगच्या हप्त्यात अठ्ठावन होता. काय खाऊन रायला बे?" मग नमस्कार. नवा माणूस चिडायचा. पण चिडून काट्यावर चढला की काटाही उकंडरावांचीच री ओढायचा. फरक पडलाच तर अर्ध्या किलोचा.

सौंसरच्या एका जिनिंगमध्ये ते काट्यावर होते. कापसाची गाठोडी तोलण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि उरलेला सगळा जीव कबड्डीत होता. पहाटे आम्हा पंधरा-वीस जणांना ते बोरगावच्या रस्त्यानं पळवायचे. आमचं सामान म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेले गुडघ्याचे पट्टे आणि डब्यांत सिमेंट भरून केलेली डंबेल्स. कुणी नागपूरच्या दुकानातल्या सामानाचं कौतुक केलं की म्हणायचे, "सामान नाई खेळत, बापू. दम खेळते." दंड मारताना कुणी आकडा चोरला तर त्याला रागवायचे नाहीत, शेजारी पालथे पडून चोरलेले तेवढे दंड स्वतः मारायचे. पन्नाशीचा माणूस आपल्यापायी घाम गाळतोय हे बघून आमची चोरी सुटायची.

ज्या घरांत त्यांना पाण्याचा पेला वेगळा मिळे, त्या घरांतले गडीसुद्धा वजनासाठी त्यांच्यापुढे हात वर करून उभे राहत. आमचं घर त्यातलंच. ते मी लपवत नाही. उकंडरावांनी हे सगळं पाहिलं होतं आणि तरी ते एकच वाक्य म्हणायचे, "लोकं मले मानो ना मानो, माहं वजन मानते."

आमच्याकडे वजनगटाची कबड्डी चाले. पंचावन्न किलोच्या वर भरला तो बाहेर. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल, शिमग्याच्या सुमारास पांढुर्ण्याला मोठे सामने होते. नागपूरच्या एका कापड गिरणीचा माणूस चढाई करणारा नवा खेळाडू शोधायला येणार होता आणि जो निवडला जाईल त्याला गिरणीत नोकरी होती. मी एकवीस वर्षांचा, बी.ए. नापास, घरी तीन भावांत सहा एकर. ती नोकरी मला हवी होती म्हणजे हवीच होती.

आठ दिवस आधी उकंडरावांनी मला उचललं. "अठ्ठावन. उतरव, पण हळूहळू." हळूहळू करायला वेळ कुणाकडे होता? मी भर दुपारी अंगाभोवती घोंगडी गुंडाळून लोधीखेड्याच्या रस्त्यानं पळत सुटलो. भाकर सोडली. शेवटचे दोन दिवस पाणीही सोडलं; घसा कोरडा पडला की संत्र्याची फोड चघळायची आणि थुंकायची. उकंडरावांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "जेवून रायलो, काकाजी." त्यांनी माझं तोंड निरखलं. "नोकरीसाठी जीव दे म्हणत नाई कोणी. एक सामना गेला तं दुसरा येते," असं म्हणाले, आणि मी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

पांढुर्ण्याला पहिलाच घोटाळा काट्याचा झाला. आयोजकांनी बाजारातून आणलेल्या काट्याची दांडी अडकली. एकाच खेळाडूचं वजन दोनदा दोन भरलं आणि दोन संघ हातघाईवर आले. बाह्या सरसावल्या गेल्या. शेवटी पांढुर्ण्याचाच कप्तान पुढे आला. "उकंडरावजी उचलतीन आन सांगतीन. आमाले मंजूर हाय."

"माहाच संघ खेळून रायला," उकंडराव म्हणाले. "मी कसा तोलू?"

"तुमी आपल्या पोट्ट्यालेही सोडत नाई, म्हणून तं."

एकेक जण पुढे जाऊ लागला. उचलला, ठेवला, आकडा. कुणी हूं की चूं केलं नाही. माझा नंबर आला तेव्हा डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं, पाय आपले नसल्यासारखे झाले होते. पण मी चौपन्नाच्या आसपास आहे याची मला खात्री होती. गिरणीचा माणूस खुर्चीवर बसून माझ्याकडेच बघत होता. उकंडरावांनी मला उचललं. इतरांपेक्षा जास्त वेळ धरलं. त्यांचा गाल माझ्या छातीला लागला होता.

"छप्पन."

"काकाजी, पुन्ना उचला."

"छप्पन बोल्लो ना. उतर."

पंचांनी माझं नाव खोडलं. मी तसाच रेल्वे स्टेशनकडे गेलो, दोनदा रस्त्यात बसलो, पार्सलच्या काट्यावर चढलो. साडेचौपन्न. तिथल्या बाबूकडून ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि परत आलो तेव्हा सामना अर्धा झाला होता. सगळ्या मैदानासमोर मी ती चिठ्ठी नाचवली. म्हाताऱ्याला कुणीतरी फोडलं म्हणालो. मग त्यांच्या जातीवरून एक शब्द बोललो. तो इथं लिहीत नाही, पण बोललो.

उकंडरावांनी चिठ्ठी वाचली. "चूक झाली माही. उमर झाली आता," एवढंच म्हणाले.

गिरणीवाल्यानं लोधीखेड्याचा एक गडी निवडला. दुसऱ्या दिवशी मला सौंसरच्या दवाखान्यात भरती केलं. सलाईन लावता लावता डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणीच नाही, कशावर चालत होतास?" मी त्याचंही खापर उकंडरावांच्याच माथी फोडलं. धसका घेतला म्हणून असं झालं, हे सगळ्यांना सांगत सुटलो.

त्यानंतर त्यांना कुणी वजन विचारलं नाही. त्यांनीही कुणाला उचललं नाही. जिनिंगमध्ये काट्यावर उभे असताना गाडीवान हसत म्हणायचे, "काकाजी, पाहून तोला, पांढुर्ण्यावानी नोका करू." ते मुकाट्यानं गाठोडं पुन्हा काट्यावर चढवायचे.

तीनेक वर्षांनी ते दम्यानं अंथरुणाला खिळले. मी तहसिलीत चिकटलो होतो. भेटायला गेलो आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "काकाजी, त्या दिवशी इतका फरक कसा पडला?"

"फरक कुठी पडला? साडेचौपन्नच होता तू."

मी खाटेजवळ सरकलो.

"आंग तव्यावानी तापून रायलं होतं तुहं," ते थांबत थांबत म्हणाले. "घामाचा थेंब नाई. छाती अशी धडधडून रायली होती का माह्या गालाले मार लागे. खेळला असता तं मैदानातच रायला असता."

"मंग तब्येत बरी नाई म्हणून सांगाचं होतं."

"तब्येतीवर सारेच वाद घालते, बापू. तू घातला असता, पंचाईनं घातला असता. माह्या वजनावर कोणी वाद घालत नोता."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते आखडून घेतले आणि पाटाला पाणी आलं का ते विचारलं.

दोन महिन्यांनी ते गेले. जिनिंगच्या आवारात शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी त्यांच्या हाताचे किस्से सांगितले, आणि एकजण म्हणाला, एवढा पक्का माणूस, पण पांढुर्ण्याला मात्र दीड किलोनं गडगडला. लोक मायेनंच हसले. मला फक्त उठून एक वाक्य बोलायचं होतं. पण मग पाणी सोडल्याचं, खोटं बोलल्याचं, तो शब्द उच्चारल्याचं, सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सभेत माझे होणारे सासरे बसले होते.

त्या हसण्यात मीही थोडा हसलो. उकंडराव चुकले नव्हते.