सात गाळे आणि उरलेले युनिट

मीटरचा आकडा महिन्याला एकदाच लिहायचा, किस्से मात्र रोज साचायचे! आता बिल घरपोच येतं. बरोबरही असेल. पण ज्यांच्या दारात जाऊन तपासावं, ती माणसं उरली नाहीत. फार आठवण येते त्यांची.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. कोल्हारच्या बाजारात नानांचे सात गाळे. मोठं मीटर एक, भाडेकरूंना छोटी मीटरं वेगळी. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, म्हणून आकडे तपासायचं काम माझ्या गळ्यात!

दगडू न्हावी मला बघितलं की दिवा घालवायचा. एकदा गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर अंधारात! दगडू म्हणाला, "गप बसा पावनं, मीटर वाचून हुतंय!"

किराणावाल्या शेठनं लक्ष्मीपूजनाला मीटरची काच हळदीकुंकवानं माखली. आकडा दिसेना. पुसायला गेलो तर ओरडला, "द्येवाला हात लावू नगं! मागचाच आकडा लिव्ह!"

मग एका वर्षी छोट्या मीटरांची बेरीज मोठ्याला जुळेना. दर महिन्याला मोठ्यावर थोडे युनिट जास्तच. हॉटेलवाला बबन उसळला, "शिंप्यानं इजेची इस्त्री आनली ना? त्योच चोर!"

शिंपी म्हणजे रहीमचाचा. नाना मान खाली घालून म्हणाले, "उरल्यालं मी भरतो. इषय सोडा."

चाचा ऐकेना. मशीनवर फडकं टाकून म्हणाला, "न्हाई नाना. डाग घिऊन मी हितं बसनार न्हाई."

मी सगळ्यांचे मेन स्विच बंद करायला लावले. मोठ्या मीटरची चकती तरी फिरतच होती. चाचा सुटला! पण वीज जाते कुठं? वायर बघत बघत मी शेवटच्या गाळ्यापाशी आलो. तिथं नानांच्या बायकोचं, काकूंचं बांगड्यांचं दुकान होतं. काकू गेल्यापासून त्याला कुलूप होतं आणि मीटरही नव्हतं.

नाना किल्ली देईनात. बबन हटेना. शेवटी त्यांनी स्वतःच कुलूप काढलं.

आत काकूंच्या रिकाम्या गादीवर पंखा फिरत होता. दोरीवरच्या बांगड्या वाऱ्यानं किणकिणत होत्या.

"तिला लई उकडायचं," नाना म्हणाले.

बबननं हळूच दार ओढून घेतलं आणि माझ्याकडं वळला.

"उरल्यालं युनिट माझ्या मीटरवर लिव्हत जा."