आमच्यात ढ असतात

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, टोकं धरतात, चादर झटकतात, एकमेकींकडे चालत येतात आणि पुन्हा मागे सरतात. घडीताईचं आयुष्य असंच पुढे-मागे चालण्यात गेलं. तिच्या घड्या अशा नेटक्या, की वॉर्डातल्या नर्सा कपाट उघडताच म्हणायच्या, ही तिचीच. म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. आता मनगटं संध्याकाळपर्यंत साथ देत नाहीत, पण नावाला जागावं लागतं.

तिची जोडीदारीण तोंडाची सैल, मनाची वाईट नाही.

"तुम्हा ज्यू लोकांच्या मुठीत सगळं जग आहे म्हणे," ती चादर झटकताना म्हणायची.

"असेल बाई. माझ्या मुठीत आत्ता हे ओलं टोक आहे. धर नीट."

हा विनोद इतका जुना झाला होता, की हसणंसुद्धा घडीसारखं आपोआप व्हायचं. मागे पाळ्या बदलल्या आणि घडीताईला सकाळची मिळाली, तेव्हा मात्र हीच जोडीदारीण बाकीच्या बायकांना म्हणाली होती, "डोकं बघा यांचं. आतल्या आत कसं जुळवून आणलं." खरं तर चिठ्ठ्या टाकल्या होत्या, सगळ्यांच्या देखत. घडीताईने ऐकलं आणि सोडून दिलं. माणसाने किती ठिकाणी तोंडाला तोंड द्यायचं?

यंदाची गोष्ट सोडून देण्यासारखी नव्हती. तिची धाकटी मुलगी तिसरीत गेली, तरी तिला वाचता येत नव्हतं. चित्र बघून गोष्ट घडाघडा सांगायची. अक्षरावर बोट ठेवलं की गप्प. ओळीच्या सुरुवातीला ओळखलेला शब्द ओळीच्या शेवटी तिला पुन्हा परका. शाळेत अशा मुलांसाठी वाचनाचा वेगळा वर्ग होता. जागा थोड्या, आणि नाव वर्गशिक्षिकेने सुचवायचं. बाई दर वेळी हसून म्हणायच्या, "कशाला काळजी करता? तुमच्यात मुलं उपजतच हुशार असतात. नुसता आळस आहे तिचा."

हा आळस घरी आला आणि घडीताईनेच त्याला पाट दिला. "आपल्यात असं कुणी नाही," म्हणत तिने रोज संध्याकाळी मुलीला पुस्तकापुढे डांबून ठेवलं. एकदा तिचा कानही धरला. त्या दिवशी धाकटी रडली नाही. खाली मान घालून म्हणाली, "आई, मी आपल्यातली नाही का?"

घडीताईने पुस्तक मिटलं. लोकांचं ऐकता ऐकता ते आपल्या तोंडी कधी आलं, तिला कळलंच नव्हतं. ऐकायला गोड लागायचं ना. हुशार म्हटलं की मान जरा ताठ व्हायची. आता निरखून पाहिलं, तर ते कौतुक म्हणजे जुन्या टोमण्याचाच कपडा निघाला, नुसता उलटा करून घातलेला. एरवी हुशार, आणि पाळी मनासारखी मिळाली की कावेबाज. आत माणूस कोण आहे हे दोन्ही वेळा कुणी बघायचं नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती शाळेत गेली. धाकटीला वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं.

"बाई, हिचं नाव वाचनवर्गाला द्या."

"अहो, ती जागा एखाद्या खरोखर कच्च्या मुलाला मिळू दे की. तुमची मुलगी तिथे बरी दिसेल का?"

"आमची म्हणजे कुणाची?"

बाई गडबडल्या. "चांगल्या अर्थानेच म्हणतेय मी. एवढे शास्त्रज्ञ, एवढे डॉक्टर तुमच्यातलेच."

"असतील. आमच्या नात्यात कुणी नाही."

भांडायचं तर अंगात जोर लागतो आणि घडीताईकडे तेवढा उरला नव्हता. ती समोरच्या खुर्चीत टेकली आणि पाहुण्यांना घरची खुशाली सांगावी तसं सांगत गेली. "माझ्या चुलत्यांना घड्याळ कळायचं नाही. शेवटपर्यंत कळलं नाही. माझी आत्या सुट्या पैशांत इतकी फसायची, की तिला दुकानात कुणी एकटं पाठवत नसे. मामेभाऊ शाळेच्या शेवटच्या परीक्षेला इतक्यांदा बसला, की तपासणाऱ्यांनाच दया आली. माणसं सोन्यासारखी होती. पण आमच्यात ढ असतात बाई. तुमच्यात असतील तेवढेच."

बाई हसल्या, पण ते हसू मध्येच विरलं. "माझा धाकटा भाऊ तसाच होता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"आळशी होता?"

"नाही हो. डोळे लाल होईपर्यंत बसायचा बिचारा." त्यांनी पेन उचललं. "सोमवारपासून पाठवा तिला. बघा हं, दोन-चार महिन्यांत सगळ्यांच्या पुढे जाते की नाही. शेवटी रक्त..."

"आणि नाही गेली तर?"

बाई वहीत नाव लिहू लागल्या.

"नाही गेली, तरी तिला तिथून उठवायचं नाही. तिला लागेल तेवढा वेळ लागू दे. एवढंच मागायला आलेय."

बाईंनी मान डोलावली. त्यांना पटलं, की त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, ते काही कळलं नाही. उद्या धुलाईघरात पुन्हा तेच, परवा आणखी कुठे तरी. निदान जागा मिळाली होती.

वर्गाचं दार उघडंच राहिलं होतं. बाकावरच्या धाकटीने शब्दन् शब्द ऐकला होता. घडीताईने पिशवी उचलून तिच्या हाती दिली. 'ढ' हाही शब्द ऐकला असणार.

जिन्यात आल्यावर मुलगी म्हणाली, "त्या आजोबांना खरंच घड्याळ कळायचं नाही?"

"नाही."

"मग कामावर कसे जायचे?"

"शेजारी निघाले, की त्यांच्या मागोमाग."

"आणि शेजाऱ्यांना सुट्टी असली की?"

"मग यांनाही सुट्टी."

धाकटी खुदकन हसली. घडीताईचे पाय भरून आले होते; ती तिथेच पायरीवर बसली. मुलगी तिला खेटून बसली आणि पुस्तकांची पिशवी तिने पायांशी सोडून दिली.

"आता आत्याआजीचं सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."